घर आत्याचं, कुलूप पुण्याचं

तुमच्या आईच्या घराचं दार कुणाच्या हुकमानं उघडतं, तिच्या की तुमच्या?

लगेच ‘अर्थात तिच्या’ म्हणू नका. माझा आतेभाऊही तसंच म्हणायचा. पुण्यात बसून, फोनवर अंगठा फिरवून तो माकणीजवळच्या आमच्या गावातलं दार उघडायचा, लावायचा, आणि वर पाहुण्यारावळ्यांना सांगायचा, की आईला आम्ही पूर्ण स्वातंत्र्य दिलंय. दिलंय! म्हणजे ते याच्या खिशात होतं आणि यानं मोठ्या मनानं त्यातलं चिमूटभर काढून आईच्या तळहातावर ठेवलं.  

आत्या, म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण, भूकंपानंतर वसवलेल्या नव्या गावात राहते. इथली घरं एका साच्यातली, गल्ल्या पट्टीनं आखल्यासारख्या. मी या नव्या गावातच जन्मले. जुनं गाव मला माहीत आहे ते बाभळी उगवलेला दगडांचा ढीग म्हणून. भूकंपाच्या पहाटे आत्या तापानं फणफणलेल्या लेकराला घेऊन अंगणात बाजेवर होती. तिचे मालक, म्हणजे आतेभावाचे वडील, किराणा दुकानात निजले होते, मालाच्या राखणीला, आतून कडी लावून. हादरा बसल्यावर ते दारापर्यंत पोचले होते. दगड उपसले तेव्हा त्यांचा हात कडीवर होता. आत्या एवढंच सांगते. 

तेव्हापासून आत्यानं दाराला आतून कडी लावलेली नाही. गावात तिच्या वयाची कितीतरी माणसं लावत नाहीत. रात्री दार नुसतं लोटायचं आणि मागं वरवंटा उभा टेकवून ठेवायचा. कुणी बाहेरून ढकललं तर वरवंटा आपटतो आणि जाग येते. आतल्या माणसाला पळायचं असलं तर पायानं सारला की झालं. दिवसा दार सताड उघडं. भर दुपारी कुणाचं दार बंद दिसलं, तर आमच्याकडं लोक थांबून विचारतात, ‘काय झालं? भांडण का मयत?’

हे घर आत्याच्या नावावर आहे. ते सहज झालेलं नाही. माझे वडील तेव्हा चळवळीत होते. विधवांची घरं विधवांच्याच नावावर झाली पाहिजेत, दिराच्या नाही, सासऱ्याच्या नाही, अशी पत्रकं त्यांनी काढली होती. ती चिकटवायला लागणारी खळ आत्या शिजवायची, पत्र्याच्या शेडमध्ये, आपल्याच चुलीवर. मी अक्षरं गिरवली ती त्याच उरलेल्या पत्रकांच्या पाठीवर, आणि वाचायला शिकले ते त्यांच्या पोटावर. ‘घर बाईचं, निर्णय बाईचा’ हे मला ‘अ अननसाचा’च्या आधी वाचता येत होतं. आज आमच्या घराण्यात ते वाचता येणारे आहेत, पण त्याचा अर्थ लागणारे कमी झालेत.

दोन वर्षांमागं पावसाळ्यात आत्या न्हाणीत घसरली. मनगट मोडलं. समोरच्या घरातल्या चाचीनं तिचा आवाज ऐकला आणि ती तडक आत गेली, कारण दार उघडं होतं. ही चाची म्हणजे आत्याची रोजची सोबतीण. गावोगाव फिरून बांगड्या भरायची, आता गुडघ्यांनी बसवलीय. तिनंच रिक्षा बोलावली, तीच दवाखान्यात बसून राहिली.

दादा पुण्याहून आला. आतेभावाला मी लहानपणापासून दादा म्हणते. प्लास्टर बघून तो रडला. रडणं खरं होतं, हे मी मान्य करते. पण रडून झाल्यावर त्यानं या सगळ्यातून काय शिकावं? उघड्या दारानं आईचा जीव वाचवला होता, आणि यानं ठरवलं की दाराला कुलूप पाहिजे.

दिवाळीत तो सारख्या टी-शर्टातली दोन पोरं घेऊन आला. एका कंपनीनं ‘एकट्या राहणाऱ्या ज्येष्ठांसाठी’ म्हणून एक पॅकेज काढलं होतं. हॉलमध्ये कॅमेरा. देव्हाऱ्याच्या बाजूला बोलणारा डबा. भिंतीवर हालचाल ओळखणारं यंत्र. मनगटावर बटणाचा पट्टा, तोही मोडून जुळलेल्या मनगटावरच. दाराला बाहेरून एक डोळा आणि आपोआप लागणारं कुलूप.

मी तेव्हा तिथंच होते. आत्या चुलीपाशी बसून हे सगळं बघत होती. शेवटी तिनं विचारलं, “हे मला इचारून आणलं का सांगायला आणलं?”

“आई, सरळ सांगतो,” दादा म्हणाला. तो पूर्वी तिला अव्वा म्हणायचा. पुण्याला गेल्यापासून आई म्हणतो. “दोन रस्ते आहेत. हे बसवू दे, नाहीतर पुण्याला चल.”

“तिसरा न्हाय का?”

“तिसरा नाही.”

आत्यानं पदराला हात पुसले. “मग लाव बाबा. पन मला हितंच ऱ्हाऊ दे.”

एवढाच तो व्यवहार होता. आपल्या घरात राहण्यासाठी तिनं घरात परका डोळा आणि परकं कुलूप घेतलं. तिला संमतीबिमती कुणी विचारली नव्हती. घर सोडायचं नाही, एवढंच तिला वाचवायचं होतं.

कुलूप बोटाच्या ठशानं उघडणार होतं. पोरगा म्हणाला, “आज्जी, इथं बोट ठेवा.” आत्यानं ठेवलं. यंत्र टीं टीं करून नाही म्हणालं. दुसरं बोट, तिसरं बोट, दुसरा हात.

“रेशनच्या दुकानात बी ह्या बोटांचं काय उमटत न्हाय, बाळा,” आत्या म्हणाली. “सगळं घासून गेलंय.”

“काही टेन्शन नाही आज्जी. नंबर टाकू. आणि सरांच्या फोनवरनं तर उघडतंच.”

दादानं नंबर म्हणून स्वतःची जन्मतारीख घातली. आईला ती विसरणं शक्य नाही, म्हणून. सगळे कौतुकानं हसले. तिच्या घराचं दार तिच्या बोटाला ओळखत नाही, हे पहिल्याच दिवशी सगळ्यांसमोर दिसलं होतं आणि त्याला कुणी अडचण म्हटलं नाही.

एक गोष्ट मात्र आत्याला मनापासून आवडली. बाजेखाली एक छोटा दिवा होता. रात्री पाय जमिनीला लागला की आपला आपण लागायचा. “हे बेस हाय,” ती म्हणाली. “हा कुनाला काय सांगत न्हाय. नुसता उजेड देतो.”

मी यंत्रांच्या विरोधात आहे असा गैरसमज इथंच काढून टाका. आत्या स्वतः मोबाईल चांगला वापरते. पलीकडं कर्नाटकात दिलेल्या तिच्या बहिणीशी रोज संध्याकाळी तोंड बघून बोलते, कानडीत, हसून हसून. बहीण फार लांबण लावायला लागली की “साकु, साकु” म्हणते. म्हणजे पुरे आता. आणि फोन ठेवते. ती ठेवते, तिला वाटतं तेव्हा. यात सगळं आलं. ज्या यंत्राला साकु म्हणता येतं ते माझ्या आत्याचं यंत्र. ज्याला म्हणता येत नाही ते दुसऱ्या कुणाचं तरी, तिच्या घरात येऊन बसलेलं.

त्या दिवाळीनंतर आत्या स्वतःच्या हॉलमध्ये डोक्यावरून पदर घेऊन वावरायला लागली. मी विचारलं तर म्हणाली, “अगं, जावई बी बघतंय म्हनं त्यातनं.” ते खरं होतं. दादानं आत्याची मुलगी, जावई, सून, सगळ्यांना कॅमेरा जोडून दिला होता. दुपारी केस विंचरायला, लुगडं सैल करून पडायला तिला न्हाणीखेरीज जागा उरली नव्हती. शेवया करायला, गप्पा मारायला येणाऱ्या बायका यायच्या बंद झाल्या, कारण डब्याला ऐकू येतं हे गावभर झालं होतं. सासवा-सुनांचं गाऱ्हाणं पुण्याला ऐकवायला कोण बसेल? चाची तेवढी यायची, तीही दारापर्यंत.

“अक्का, तुमारे घर में आने का तो पुलिस ठाने में आये जैसा लगता जी,” ती म्हणायची. “उप्पर देख के सलाम करूँ क्या नको?”

“करा की,” आत्या म्हणायची. “माजं पोरगं हाय वर. आशीर्वाद दील.”

दोघी हसायच्या. पण चाची आत यायची नाही.

आणि झोप. कुलूप दार लोटलं की आपोआप लागायचं. आतून दांडा फिरवला की उघडतं, हे दादानं तिला पुन्हा पुन्हा करून दाखवलं होतं. तिला कळत नव्हतं असं नाही. पण लागण्याचा तो ‘खट्’ आवाज झाला, की ती उठून बसायची. ती अंथरूण उचलून दारापाशी घेऊन आली आणि दांड्यावर हात ठेवून झोपायला लागली. मी एकदा मुक्कामाला होते तेव्हा ते पाहिलं. दुसऱ्या दिवशी सकाळी डब्यातून दादाचा आवाज आला: “आई, दारापाशी का झोपतेस? सिस्टिम म्हणते पडलीस. नीट पलंगावर झोपत जा.”

मी त्याला बाहेर जाऊन फोन केला. म्हटलं, ते कुलूप काढ.

“अगं, आतून उघडतं ते. विज्ञान समजून घे जरा.”

“तुझ्या वडिलांचा हातही कडीवर होता, दादा.”

त्यानं फोन ठेवला. दादा मात्र हवं तेव्हा साकु म्हणू शकत होता.

पुढच्या उन्हाळ्यात उमरग्याला आमच्या नात्यातलं लग्न होतं. जेवणाच्या पंगतीशेजारी दादा उभा होता आणि त्याच्याभोवती चार माणसं फोनमध्ये डोकावत होती. मी जवळ गेले. पडद्यावर आत्याचा हॉल. गुडघा दुखतो म्हणून ती लग्नाला आली नव्हती. भिंतीला टेकून, गुडघ्यापर्यंत लुगडं वर घेऊन ती पायाला तेल चोळत होती.

“बघा, किती क्लिअर दिसतं,” दादा म्हणत होता. “रात्रीचंही दिसतं.”

“वा!” एक पाहुणे म्हणाले. तोंडात जिलेबी होती. “म्हाताऱ्या माणसाची चिंताच मिटली. मलाही बसवायचंय आमच्या आईकडं.”

“आवाज पण जातो का हो?” दुसऱ्यानं विचारलं.

“जातो की. थांबा.” आणि दादानं फोन तोंडापाशी नेला: “आई, काय चाललंय?”

पडद्यावरली आत्या दचकली. लुगडं खाली ओढता ओढता तेलाची वाटी कलंडली. भोवतीची माणसं हसली. कौतुकानं हसली, वाईट कुणालाच वाटलं नाही. त्या मांडवात शे-दोनशे माणसं जेवत होती. एखाद्यानं कुणाच्या आईच्या खिडकीला डोळा लावला असता तर त्याला इथंच चपलेनं मारलं असतं. पण डोळा लावणारा पोटचा पोरगा आणि खिडकी काचेची, की मग त्याचं नाव काळजी. मी तो फोन त्याच्या हातातून घेतला आणि बंद केला. मावशी-काकू माझ्याकडं अशा बघायला लागल्या, की जणू मीच मांडवात काही घाण करून ठेवली होती. “तिला लग्नकार्यात बी पत्रकबाजी सुचती,” असं माझ्या पाठीमागं कुणीतरी म्हणालं.

मग श्रावणातली ती सकाळ.

आम्ही लिंगायत. आत्या रोज सकाळी अंघोळ करून, विभूती लावून, इष्टलिंग डाव्या तळहातावर घेऊन बसते. नजर त्यावर, अंग स्थिर, तोंडातून शब्द नाही. श्रावणात ती जास्त वेळ बसते. हे दादानं पाळण्यात असल्यापासून पाहिलेलं आहे. त्यानं कंपनीच्या त्या पोरांना घरातल्या सगळ्या खिडक्या, पायऱ्या, आईची औषधं सांगितली होती. आई रोज सकाळी दगडासारखी निश्चल बसते, हे सांगायचं मात्र त्याला सुचलं नव्हतं. दुसऱ्या कुणाला माहीत नसतं तर मी समजू शकले असते.

मी मुक्कामाला होते. आत्या पूजेला बसली म्हणून मी समोर चाचीकडं चहाला गेले. दार मागं आपोआप लागलं, खट्. अर्धा कप होतो न होतो तोच आत्याच्या घरातून डबा ओरडायला लागला: “तुम्ही ठीक आहात का? ठीक असाल तर हो म्हणा. तुम्ही ठीक आहात का?”

आत्या हो म्हणणार नव्हती. लिंग हातात असताना ती भूकंपालाही हो म्हणाली नसती.

मग दादाचा मला फोन. “आई हालत नाहीये! कॅमेऱ्यात पाठमोरी आहे, मान खाली आहे!”

“आत्या पूजेला बसलीय.”

“तू आत जाऊन बघितलंस का?”

“दार तू लावतोस. उघड, मग बघते.”

“उघडत नाहीये, कुलूप अडकलंय बहुतेक. नंबर टाक ना!”

मी नंबर टाकला. पण गडबडीत दादा फोनवरून त्या यंत्रावर इतके हुकूम सोडत होता की कुलपानं नुसते लाल डोळे वटारले. तोवर सुनेनं सरपंचांना, जावयानं गल्लीतल्या पोरांना, कंपनीच्या बाईनं ॲम्ब्युलन्सला फोन केले होते. गल्ली भरली. कुणी म्हणालं, गेली. बायकांनी तोंडाला पदर लावले. चाची एकटी ओरडत होती, “अरे पूजा कर रही अक्का! रोज करती! अंधे हो गये क्या सब?” पण पुण्याहून फोन आलेला असल्यावर समोरच्या घरातल्या म्हातारीचं कोण ऐकतं? पोरांनी खिडकीची काच फोडली.

आत आत्या तशीच बसली होती. काचा तिच्या आसनापर्यंत आल्या होत्या. तिनं लिंगाला नमस्कार केला, ते वस्त्रात गुंडाळून गळ्यातल्या करडगीत, लिंगाच्या डबीत, ठेवलं, मग वळून खिडकीतल्या गर्दीकडं बघितलं.

“कोन मेलं?” तिनं विचारलं.

 एक पोरगा हळूच म्हणाला, “तुमीच, आज्जी.” काही जण हसले. आत्या हसली नाही. तिनं केरसुणी घेतली आणि काचा झाडायला लागली.

दुसऱ्या दिवशी दादा गाडी घेऊन हजर. चूक यंत्राची होती, चूक त्याची होती, पण शिक्षा आत्याला झाली. कंपनीच्या पडद्यावर म्हणे तिच्या नावापुढं लाल खूण आली होती: प्रतिसाद देत नाही. “आई, आता एकटं राहणं सुरक्षित नाही. थोडे दिवस चल. मग बघू.” थोडे दिवस! गावाकडनं पुण्याला नेलेल्या म्हाताऱ्यांचे थोडे दिवस कसे असतात ते आमच्या प्रत्येक गल्लीला माहीत आहे. आत्यानं भांडण केलं नाही. वरवंटा उचलून पाट्याशेजारी ठेवला, चाचीला कढीपत्त्याच्या झाडाला पाणी घालायला सांगितलं आणि गाडीत बसली.

थोडे दिवस दिवाळीपर्यंत गेले. मग एका दुपारी मला चाचीचा फोन आला. “बेटी, जल्दी आ. अक्का आके बैठी है. घर के बाहर.”

मी आता धाराशिवला राहते; तिथून मिळेल ती एसटी पकडली. पोचले तेव्हा आत्या स्वतःच्या ओट्यावर बसली होती, मांडीवर कापडी पिशवी. पुण्यात पहाटे ‘देवळात जाऊन येते’ म्हणून निघाली आणि उमरग्याच्या गाडीत बसून दुपारी सरळ गावात उतरली होती. बोट लावलं, यंत्र नाही म्हणालं. मग तिनं लेकाची जन्मतारीख दाबली. यंत्र नाही म्हणालं. पुन्हा दाबली. पुन्हा नाही.

“मला वाटलं, म्याच इसरले,” ती मला म्हणाली. “पोराचा जन्म इसरले म्हनून इतका वेळ जिवाला लावून घिऊन बसले बघ.”

ती विसरली नव्हती. त्यानं नंबर बदलला होता.

मी फोन लावला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असा ठेवला. दादाचा आवाज घाबरलेला होता, मग सुटकेचा झाला, मग चिडला. “न सांगता गेली! आम्ही पोलिसांत जाणार होतो! तिला म्हणावं तिथंच बस, मी गाडी पाठवतो.”

“दार उघड आधी.”

“दार उघडलं तर ती परत येणार आहे का? तिच्या भल्यासाठीच बोलतोय. मी उघडणार नाही.”

ओट्याभोवती उभ्या असलेल्या बायांनी हे ऐकलं. चाचीनं दोन्ही कानांना हात लावले. म्हाताऱ्या आईला तिच्याच दारात बाहेर बसवून ठेवायचं, तेही शंभर कोसांवरून, खुर्चीतून न उठता, अंगठ्यानं. पूर्वी दिरानं भावजयीला घराबाहेर काढलं तर निदान त्याला दारात उभं राहावं लागायचं. चार माणसांत तोंड दिसायचं. आता तोंडही दाखवावं लागत नाही. इतकी सोय झाली आहे.

गल्लीतला वेल्डिंगवाला आला, कुलपाकडं बघितलं आणि मागं सरला. “हे महागाचं हाय. मालकाला इचारल्याबिगर हात न्हाय लावत म्या.”

आत्या उठली. गुडघ्याला हात देत देत उठली. “मालक म्या हाय,” ती म्हणाली. “घर माज्या नावावर हाय. खळ मी शिजवली होती.” वेल्डिंगवाल्याला खळीचं काय ते कळलं नाही. मला कळलं.

चाची घरात जाऊन आपला वरवंटा घेऊन आली. “लेव, अक्का.”

तेवढ्यात दारावरचा डोळा बोलायला लागला: “आई! आई, काय करतेयस? हात दुखावशील! आई, ऐक!”

आत्यानं आधी डोक्यावरचा पदर नीट केला. मग त्या डोळ्याकडं बघून, जशी बहिणीला म्हणते त्याच आवाजात म्हणाली, “साकु.” आणि वरवंटा घातला.

पहिला घाव तिचा होता. मनगट कळवळलं तसा तिनं वरवंटा माझ्या हातात दिला. पुढचे मी घातले, मग वेल्डिंगवाल्याला धीर आला. कुलूप लोंबकळलं, दार उघडलं. आत धूळ होती आणि भिंतीवरचा कॅमेरा लाल मिचकावत होता. आत्यानं त्याची वायर स्वतः ओढली. चाची दारापाशी थांबली होती, सवयीनं.

“या की आत,” आत्या म्हणाली. “वर आता कोन बी न्हाय.”

पुढं काय झालं ते सांगते. दादा आला नाही. सुनेनं कुटुंबाच्या ग्रुपवर लिहिलं, की आई आता हट्टी झाल्यात, वयाचा परिणाम आहे. त्याखाली हात जोडलेल्या चित्रांची रांग लागली. आणि मार्चमध्ये धाराशिवला एका दवाखान्याच्या बाकावर मला गुळगुळीत कागदाचं एक पत्रक सापडलं. त्या कंपनीचं. वर आत्याचा फोटो, त्या पहिल्या दिवाळीत काढलेला, मनगटाला पट्टा. खाली लिहिलं होतं: ‘आता मी माझ्या घरात स्वतंत्र आहे.’ तिनं हे वाक्य कधी उच्चारलेलं नाही. मी पत्रकांवर वाढलेली मुलगी आहे. खडबडीत कागदावरची, शाई हाताला लागणारी, चुका असलेली पत्रकं मी हजारानं वाटलीत. पण ज्याच्या नावानं लिहिलंय त्याला न विचारता लिहिलेलं पत्रक आमच्या घरात कधी निघालं नाही. ते मी फाडलं आणि हात धुतले. खरंच धुतले.

आत्या आपल्या घरात आहे. बाजेखालचा दिवा तिनं ठेवला. आणि एक नवीन यंत्रही घेतलंय, स्वतः सांगून. वेल्डिंगवाल्याच्या भावानं तिच्या बाजेपासून चाचीच्या घरापर्यंत वायर ओढून साधी घंटी बसवली. तशीच एक चाचीच्या पलंगापासून इकडं. सकाळी उठल्यावर दोघी एकेकदा वाजवतात. नाही वाजली तर दुसरी उठून बघायला जाते. दार लोटलेलंच असतं. पूजेची वेळ चाचीला ठाऊक आहे, तेव्हा ती वाजवत नाही. दादाचा फोन आठवड्यातून एकदा येतो. आत्या घेते, जेवलास का विचारते, आणि तिला वाटतं तेव्हा ठेवते. अजून तो तिच्यावर रुसलाय. तिनं त्याला घराचा नंबर मागितलेला नाही, कारण आता नंबरच नाही.

तुमच्यातल्या कुणीतरी आईच्या, सासऱ्याच्या, मावशीच्या घरात असा डोळा लावला असेल. लावताना जीव तुटत असेल, हेही मला ठाऊक आहे. तर हे वाचून झालं की उठा. कॅमेऱ्यातून नाही, साधा फोन करून तिच्याशी बोला. विचारा, यातलं काय ठेवू आणि काय काढू. आणि ती जे काढ म्हणेल ते या रविवारी स्वतः जाऊन, स्वतःच्या हातानं काढा. जाताना दार वाजवून आत जा.